सरकारी टर्की

३ सप्टेंबर, मंगळवार

कार्ड आलं. साध्या पाकिटात घालून पाठवायची अक्कल सरकारला नाही. पाकिटावर खात्याचं नाव ठळक अक्षरात. पोस्टमन हसला असावा. नीट दिसलं नाही, कारण मी पडद्याआड होतो.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. हे फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत, नव्हे. फूड स्टॅम्प लोक घेतात. मी एकतीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात उभा राहून टॅक्स भरला. दुकान बंद पडलं. पेन्शन घरभाडं आणि विजेच्या बिलात खलास होते. तेव्हा मी माझेच पैसे किराण्याच्या रूपाने परत घेतोय. याला वसुली म्हणतात.

माझ्या जुन्या मित्राला, डेल्बर्टला, कळता कामा नये. लॉजमधल्या, म्हणजे आमच्या क्लबातल्या, शनिवारच्या नाश्त्याच्या टोळक्याला कळता कामा नये. माझ्या मुलीला, डेनिसला, तर अजिबात, कधीच, मेलो तरी नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

डेनिसबद्दल. वही माझीच आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

पाच वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला ती टर्की घेऊन आली होती. घरून भाजून, फॉइलखाली झाकून, नव्वद मैल गाडी चालवत. माझ्या बायकोला, लॉर्नाला, जाऊन वर्ष झालं होतं आणि टर्की मला जमत नाही. तेव्हा डेनिसचा नुकताच घटस्फोट झालेला, आणि ती याच कार्डावर होती. तिने ते स्वतःच हसत हसत सांगितलं. मी हातात सुरी घेऊन उभा होतो. म्हणालो, ‘व्हर्लिन स्ट्राउडच्या टेबलावर सरकारी टर्की कापली जाणार नाही.’ माझी बहीण होती, डेल्बर्ट आणि त्याची बायको होती. डेनिसने फॉइल परत नीट बसवलं, टर्की उचलली, गाडीत पुढच्या सीटवर ठेवली, तिला बेल्ट लावला आणि निघून गेली.

आम्ही बीन्स खाल्ले.

तेव्हापासून वाढदिवसाचा फोन तेवढा. तोही हवापाण्यावर उरकतो. माझा मुद्दा बरोबर होता. सूर थोडा चढला असेल.

८ सप्टेंबर, रविवार

आज पैसे जमा. केस नंबरच्या शेवटच्या आकड्यावर तारीख ठरते, माझी दर महिन्याची आठ. गावातल्या दुकानात गेलो. ट्रॉली भरली. काउंटरवर वांडा. वांडाला एक गोष्ट सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं. बाकीच्या काउंटरांवर कोणी नाही. मागे रांगेत लॉजचा खजिनदार.

ट्रॉली कॉर्नफ्लेक्सपाशी सोडून बाहेर आलो. पळालो नाही. चालत आलो, पण भराभर.

निश्चय: यापुढे सगळी खरेदी ऑनलाइन. आधुनिक माणसाने हेच करावं. कार्ड आहे म्हणून नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी नऊ ते दुपारी दोन: लॅपटॉप. पासवर्डने चार वेळा अपमान केला. सभासद नंबर विचारला तेव्हा मी किराणा दुकानातला नेहमीचा नंबर टाकला. वीस वर्षं काउंटरवर तोच बडवतोय. लॉर्नाने कुठलासा फोन नंबर पाठ करून घेतला होता, पॉइंट मिळतात म्हणून. झोपेतसुद्धा बोटं बरोबर पडतात. नंबर टाकताच संगणकाने ओळखलं: ‘स्ट्राउड कुटुंब, स्वागत आहे.’ कुटुंब! मी एकटा असलो तरी मान तसाच आहे.

मग धक्का. घरपोच आणण्याचे पैसे कार्डावर चालत नाहीत. भांड्याचा साबण चालत नाही. टॉयलेट पेपर चालत नाही. म्हणजे सरकारच्या मते गरिबाने खावं, पुढचं त्याचं त्याने बघावं.

तेव्हा घरपोच रद्द. ऑर्डर द्यायची आणि गाडीने जाऊन उचलायची, ते फुकट आहे. गावातलं दुकान अर्थातच नको. बावीस मैलांवर हायवेला त्यांचंच मोठं दुकान आहे, तिथे मला कुत्रं ओळखत नाही.

‘एखादी वस्तू संपली असेल तर बदली वस्तू मेसेजवर विचारू का?’ म्हणे. हो म्हटलं. माझा घडी घालायचा फोन तेवढं करू शकतो.

११ सप्टेंबर, बुधवार

मोहीम फत्ते. काळा चष्मा, लॉर्नाच्या भावाची मासेमारीची टोपी. गाडी आखलेल्या जागेत लावायची, खांबावरच्या नंबरला फोन करायचा, की पोरगी ट्रॉली ढकलत येते आणि सामान मागे ठेवते. काउंटर नाही, वांडा नाही, कार्ड दाखवायचं नाही. पिन आधीच घरी टाकून झालेला. मी स्वतःवर खूश होतो.

मेसेज एकही आला नाही. तरी दोन वस्तू बदललेल्या. माझं नेहमीचं टोमॅटो सूप संपलं होतं, त्याऐवजी कमी मिठाचं. क्रीम बिस्किटांऐवजी ओटची. मी पोरीला विचारलं की हे कोणी ठरवलं. ती म्हणाली, ‘तुम्हीच होकार दिलात ना, सर.’ बिचारीला काही माहीत नाही. हे संगणकाचं काम आहे. माझं ब्लडप्रेशर त्याने कुठून काढलं, ते मात्र कळत नाही.

एक विचित्र गोष्ट. चार नंबरच्या जागेत डेल्बर्टची गाडी. डेल्बर्ट आत, हनुवटीपर्यंत मफलर, सप्टेंबरात. मी काच खाली केली. तो म्हणाला, बॅटरी घ्यायला आलोय. मी म्हणालो, मीसुद्धा. त्याच्या गाडीत दुधाचे कॅन आणि पावाच्या लाद्या चढत होत्या. त्याने तिकडे पाहिलं नाही, मग मीही नाही. म्हातारपणी माणूस असा सैरभैर होतो. बॅटरी घ्यायला बावीस मैल!

१४ सप्टेंबर, शनिवार

लॉजमध्ये नाश्ता. विषय निघाला नव्हता, मी काढला. कार्डावर मजा मारणारे लोक, खेकडे काय, स्टेक काय. डेल्बर्टने टेबलावर मूठ आपटली, ‘लेको, कामं करा म्हणावं!’ मी म्हणालो, बरोबर. तो म्हणाला, बरोबर. इतकं एकमत आमच्यात चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची.

२२ सप्टेंबर, रविवार

डेनिसचा फोन! वाढदिवस नाही, सण नाही. मला वाटलं कोणी गेलं. ‘काही नाही डॅड, सहज केला. जेवतोस ना नीट?’ मी म्हणालो, झकास चाललंय, पेन्शन उतू चाललीय. मग तिने विचारलं, बीपीची गोळी घेतोस का, आणि सूप बिप पितोस का.

सूप! काय प्रश्न आहे. पण पाच वर्षांनी मुलीला चूक उमगली आणि ती आडवळणाने माफी मागतेय, हे मी ओळखलं. मी मोठ्या मनाने बोललो. अकरा मिनिटं.

९ ऑक्टोबर, बुधवार

दुसरी ऑर्डर. नवं ज्ञान: भाजलेली गरम कोंबडी कार्डावर मिळत नाही. पानावर फोटो आहे, बटण नाही. गरम खाणं म्हणजे हॉटेल, म्हणून चालत नाही. गार कोंबडी चालते. हा नियम ज्याने केला त्याला कोणी जेवायला बोलवत नसणार.

संगणकाची हुशारी वाढत चाललीय. कार्डांवर पैसे आले की सगळं शहर दुकान धुऊन नेतं, त्यामुळे निम्म्या वस्तू बदलून आल्या. चॉकलेट केकऐवजी सफरचंदं. फ्रोझन पिझ्झाऐवजी काहीच नाही, नुसतंच ‘बदली नको’. आणि माझ्या स्वस्त कॉफीऐवजी लॉर्ना आणायची ती निळ्या डब्यातली. त्याच भावात बसली म्हणे. डबा उघडल्यावर घरात सहा वर्षांपूर्वीचा रविवार आला. मी टेबलाशी बराच वेळ बसलो. मग स्वतःला म्हटलं, व्हर्लिन, माणसाचा दर्जा कुठे लपत नाही, यंत्रालासुद्धा कळतो.

१३ ऑक्टोबर, रविवार

डेनिस, पुन्हा. आता दर रविवारी. कॉफी कोणती पितोस असं विचारत होती. मी सांगितलं, तुझ्या आईचीच, मी कधी बदललीच नाही. फोनवर नाक ओढल्यासारखा आवाज आला. सर्दी असावी. म्हातारी माणसं घरी सांभाळायचं तिचं काम आहे, कोणाकडून तरी आणली असेल.

२७ ऑक्टोबर, रविवार

बोलून बसलो. थँक्सगिव्हिंगला ये म्हणालो. ती लगेच हो म्हणाली नाही. विचारलं, ‘टर्की कोणाची?’ मी म्हणालो, ‘माझी. स्वतःच्या कष्टाची.’ त्यावर तिला खोकला आला, बराच वेळ. मग म्हणाली, येते.

येते म्हणाली. या टेबलाशी.

निश्चय: १. टर्की चौदा पौंडांची, कमी नाही. २. कार्ड त्या दिवशी गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यामागे. ३. भाषण तयार करायचं, ज्यात मी तिला माफ करतो. ४. नोव्हेंबरचे पैसे जपून वापरायचे. यातला चौथा सर्वांत सोपा.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज लॉजला दांडी. एक प्रयोग करायचा होता. कार्डावर लोक खेकड्याचे पाय घेतात असं मी वीस वर्षं सांगत आलो, पण पुरावा नव्हता. जबाबदार माणसाने आधी खात्री करावी. दोन पौंड खेकड्याचे पाय लॅपटॉपवरच्या ट्रॉलीत टाकले. व्यवस्थेने अडवायला हवं होतं. अडवलं नाही! पिन मागितला आणि दिले. किती ढिला कारभार आहे बघा.

पुरावा लोण्यात बुडवून खाल्ला. उत्तम होता.

१७ नोव्हेंबर, रविवार

दुसऱ्यांदा खात्री केली. एका प्रयोगाला शास्त्रात किंमत नसते.

डेनिसने आज विचारलं, ‘डॅड, टर्कीचं नक्की ना? आणू का मी?’ ताडकन म्हणालो, खबरदार.

२५ नोव्हेंबर, सोमवार

शिल्लक पाहिली. शास्त्र महाग आहे.

तरी सणासुदीला टर्की पाण्याच्या भावात विकतात म्हणून बसतं कसंबसं. टर्की, बीन्स, क्रॅनबेरी, बटाटे. शेवटी कार्डावर एका पावापुरतेसुद्धा पैसे राहत नाहीत. ऑर्डर दिली. बुधवारी उचलायची. भाषणही झालंय, दीड पान. ‘डेनिस, माणूस चुकतो’ अशी सुरुवात आहे. माणूस म्हणजे ती.

२७ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ११

हायवेच्या दुकानाच्या पार्किंगमधून लिहितोय. वही स्टिअरिंगवर, अक्षर माफ.

टर्की नाही. बीन्स आहेत, क्रॅनबेरी आहेत, बटाटे आहेत. पोरीने यादी दाखवली: ‘टर्की संपली. बदली नको.’ मी म्हणालो, कोण म्हणालं नको? हो म्हणायचं होतं! बदक, हंस, डुक्कर, काहीही! ती म्हणाली, ‘सर, तुमच्याकडूनच उत्तर आलंय. नको, आणि पुढे लाल बदाम.’ संगणक बदाम पाठवतो आणि टर्की देत नाही. तीन महिने माझ्या पोटाची काळजी घेऊन ऐन वेळी दगा दिला.

गाडीत बसलो आणि खरं सांगायचं तर रडू आलं. पाच वर्षांनी पोरगी येणार आणि टेबलावर पुन्हा बीन्स.

त्याच दिवशी, दुपारी ४

लिहायला हवं. टोपी काढून आत गेलो. भाजलेल्या कोंबड्या दिव्याखाली फिरत होत्या. टर्कीचे पैसे कार्डावर परत आले होते, पण कोंबडी गरम. काउंटरवरची बाई म्हणाली, ‘आजोबा, तीन वाजता उरलेल्या फ्रिजमध्ये टाकतो. मग चालेल तुमचं कार्ड.’ हे ती मोठ्याने म्हणाली. मला बाराशे माणसांनी ऐकल्यासारखं वाटलं. म्हणजे कोंबडी तीच. तीन वाजेपर्यंत ती चैन, तीननंतर अन्न.

औषधांच्या खिडकीजवळ एक बाक आहे. तिथे डेल्बर्ट बसलेला.

म्हणाला, बॅटरी. मी म्हणालो, मलाही. बसलो. साडेतीन तास दोघे कोंबड्यांकडे बघत होतो. गिऱ्हाईक आलं आणि एखादी उचलली की दोघांचा श्वास अडकायचा. त्याने मधेच सांगितलं की ग्लेंडाचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. ग्लेंडा त्याची बायको. मला हे माहीत नव्हतं. दर शनिवारी नाश्त्याला शेजारी बसतो आणि मला माहीत नव्हतं. दर शनिवारी मीच बोलत असतो.

अडीच वाजता दोन उरल्या. एक गृहस्थ पुढे सरकले. डेल्बर्ट उठला आणि त्यांना म्हणाला, ‘त्या कालच्या आहेत हो, माझा मेहुणा आजारी पडला.’ गृहस्थ गेले. डेल्बर्टला मेहुणा नाही.

तीनला बाईने दोन्ही फ्रिजमध्ये ठेवल्या. आम्ही एकेक घेतली. ‘कुत्र्यासाठी,’ तो म्हणाला. मी म्हणालो, माझीसुद्धा. माझ्याकडे कुत्रा नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्याने आधी पैसे दिले. त्याचं कार्ड माझ्यासारखंच निघालं, तेच चित्र, तोच रंग. त्याने माझं पाहिलं, मी त्याचं पाहिलं. बाहेर पडताना म्हणाला, ‘व्हर्लिन, शनिवारी विषय जरा हवापाण्याचा काढू या का?’

काढू या म्हटलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

कार्ड रंगाच्या डब्यामागे. कोंबडी टर्कीच्या ताटात, भोवती बटाटे रचून मोठी केली, तरी गाव सोडून गेलेल्या टर्कीचं पिल्लूच वाटत होती. भाषण खिशात.

डेनिस एक वाजता आली. केस पिकायला लागलेत तिचे, हे फोनवर कळत नाही. हातात फॉइलने झाकलेलं भांडं. पाच वर्षांपूर्वीचं तेच भांडं, कडेला टवका उडालेलं. ती टेबलाकडे बघून म्हणाली, ‘ही कोण?’ मी म्हणालो, टर्कीची एक लहान जात असते. बरं, म्हणाली, आणि आपलं भांडं शेजारी ठेवलं.

बसलो. प्रार्थना झाली. मी भाषण काढायला खिशात हात घातला आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. टेबलावरच होता, माझ्याकडे तोंड करून. मला चष्म्याशिवाय लांबचं चांगलं दिसतं.

‘व्हर्लिन, तुमची कालची ऑर्डर कशी होती?’

फोन तिचा, नाव माझं.

आधी वाटलं, संगणक बिघडला. मग सूप आठवलं. ओटची बिस्किटं. सफरचंदं. निळा डबा. लॉर्नाने पाठ करून घेतलेला तो नंबर, घरातल्या पहिल्या मोबाइलचा. तो मोबाइल डेनिसला अठराव्या वाढदिवसाला घेतला होता. माझ्या फोनमध्ये ती ‘डेनिस’ आहे, आकडे मी कधी पाहिलेच नव्हते.

विचारलं, कधीपासून. ‘अकरा सप्टेंबर,’ ती म्हणाली. ‘काम करत होते. मेसेज आला, टोमॅटो सूप संपलंय, पेमेंट फूड कार्डावर. ज्या आजींकडे काम करते त्यांच्या मागच्या खोलीत जाऊन बसले, डॅड. आधी खूप हसले.’ नंतर काय केलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

‘आणि टर्की?’

‘टर्कीला नको मीच म्हटलं. माझ्याकडे होती.’ मग म्हणाली, ‘खेकडे कसे होते?’

मी बीन्सचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

तिने फॉइल काढलं. सोनेरी, खरपूस, चौदा पौंडांची तरी होती. सुरी उचलली आणि मूठ माझ्याकडे करून धरली. म्हणाली, ‘उन्हाळ्यात माझे कामाचे तास कापले. ही पण सरकारीच आहे, डॅड. कापतोस, की बेल्ट लावून परत नेऊ?’

दीड पान भाषणात एकही वाक्य कामाचं सापडलं नाही. मी म्हणालो, चुकलो मी. एवढंच. ती म्हणाली, माहितेय. टर्की कापली. वाकडीतिकडी कापली, कारण डोळ्यांसमोर नीट दिसत नव्हतं. छान झाली होती. कोंबडी कोणी खाल्ली नाही, तेव्हा ती उद्या डेल्बर्टकडे, ग्लेंडासाठी. कुत्र्यासाठी म्हणून देईन.

जाताना डेनिसने विचारलं, दुकानात तुझा स्वतःचा नंबर घालून देऊ का, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, अर्थात, माणसाला स्वतःचं खासगी आयुष्य असतं. तिने लॅपटॉप उघडला. मी म्हणालो, आज सणाचा दिवस, राहू दे. पुढच्या महिन्यात बघू.

पुढच्या महिन्यातही नकोच. कमी मिठाच्या सुपाची आता सवय झालीय.